साडेपाच फुटांचा विळा आणि बारा मुठी

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. उंची साडेपाच फूट, वजन बेचाळीस किलो. सन २००२ साली मला भट्टीत घालून वितळवण्यात आलं.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य छापणाऱ्याची चूक समजा आणि पुढे चला. मी आजही भोकरदनच्या बाजाररस्त्यावर, काकासाहेबांच्या दुकानावर, दोन साखळ्यांनी लटकलेला आहे. वारा आला की मी हलतो आणि खाली उभी असलेली माणसं जागा बदलतात.

माझा जन्म १९८३ साली राजूरला पुंजाराम लोहाराच्या भात्यासमोर झाला. काकासाहेब हे शेतकऱ्याच्या घरातले धाकटे. वाटणीला जमीन कमी आली म्हणून त्यांनी भोकरदनला विळ्या-खुरप्यांचं दुकान टाकलं. दुकान टाकलं, पण लोकांना ते दिसेना. तेव्हा त्यांनी पुंजारामला माझी ऑर्डर दिली. ट्रकाच्या स्प्रिंगचे दोन मोडके पाटे आणि तेलाच्या टाकीचा पत्रा घेऊन पुंजारामनं मला तीन दिवस ठोकलं. चौथ्या दिवशी तो घाम पुसत म्हणाला, "काकासाहेब, येवढा विळा धरील कोन?"

"धरायचा न्हाई, पुंजाराम. पाह्यचा हाय."

"मंग धार कशाला लावू?"

"लाव. न्हाईतर लोक म्हणतील, मोठा हाय पण बोथट हाय."

म्हणून मला धार लावली. या धारेने एकोणीस वर्षांत एक पतंग कापला आणि एका पुढाऱ्याच्या स्वागताचं तोरण कापलं. दोन्ही वेळा चूक वाऱ्याची होती. गवताची काडी मात्र मी आयुष्यात एकही कापली नाही. हे मी लाजून सांगत नाही. मोराला कोणी विचारतं का, की बाबा, तू किती अंडी दिलीस?

चतुर्थीच्या दिवशी मला बैलगाडीतून राजूरहून निघायचा योग आला. गणपतीच्या गर्दीत गाडी अडकली. मी उताणा, टोक आकाशाकडे. एका म्हातारीला वाटलं, हा कोणाचा तरी मोठा नवस आहे. तिने मला हळदीकुंकू लावलं आणि नातवाला सर्दी होऊ नये असं मागितलं. पुढे काय झालं मला माहीत नाही, पण तिचा नातू पुन्हा शिंकलेला मी तरी पाहिलेला नाही.

मित्रांनो, माझे कामाचे दिवस फार मानाचे होते. एसटीचे कंडक्टर माझ्या नावाने पत्ता सांगत, "मोठ्या विळ्याच्या पुढं उतरा." शाळेच्या सहली माझ्याखाली थांबत. काकासाहेब समोरच्या हॉटेलात चहा पिताना खुर्ची मुद्दाम माझ्याकडे तोंड करून ठेवत.

त्यांचा हिशेब साधा होता. दुकान चाललं तर ते माझ्यामुळे. नाही चाललं तर माझा रंग उडाला असेल. गिऱ्हाईक कमी झालं की ते मला रंग देत. आधी तांबडा, मग निळा, मग पिवळ्यावर हिरवे ठिपके. नव्वद सालानंतर गिऱ्हाईक वरचेवर कमी होऊ लागलं आणि माझ्या अंगावर अकरा थर चढले. माझं वजन वाढलं ते खाण्यापिण्याने नाही.

आता एक गोष्ट मला कधीच मान्य नव्हती, अजूनही नाही, पण सांगतो. मला पाहायला मान वर करावी लागते. रस्त्यावरचे बापे मान वर करून चालतात, त्यांना मी दिसायचो. ते आत यायचे, खुरपं घ्यायचे, घरी जाऊन बायकोच्या पुढ्यात टाकायचे. खुरपणी करणार बाई. तिची मान दिवसभर खाली. तिने मला कधी पाहिलंच नव्हतं आणि तिला कोणी काही विचारलंही नव्हतं. दुकानातली सगळी खुरपी काकासाहेबांनी स्वतःच्या हातात धरून निवडलेली होती. काकासाहेबांचा पंजा म्हणजे ताटलीच.

मग शहरातून कारखान्यातली खुरपी आली. प्लॅस्टिकच्या मुठीची, चकचकीत, दोन घेतली की एक कॅलेंडर फुकट. बापे कॅलेंडर पाहून पुढच्या दुकानात जाऊ लागले. १९९९ च्या उन्हाळ्यात काकासाहेबांच्या मेव्हण्याने निरोप धाडला, की वाळूजला कंपनीत वॉचमनची जागा आहे, पोळ्यापर्यंत धरून ठेवतो. काकासाहेबांनी एक पत्र्याची पेटी आणली. त्यात दोन सदरे, कंबल आणि बॅटरी घातली. पेटी दुकानात माझ्या बरोबर खाली ठेवली. मी रोज तिच्याकडे बघायचो. पोळ्यापर्यंत दुकान सावरलं नाही, तर पेटी जाणार आणि दुकान बंद. बंद दुकानावर लटकणाऱ्या विळ्याला काय म्हणतात, हे मला माहीत होतं. भंगार.

अशा वेळी पुंजारामकडे एका अख्ख्या ट्रकाचे पाटे आले. इतकं चांगलं पोलाद पुन्हा मिळणार नव्हतं. काकासाहेबांचा चेहरा खुलला. "उषा, दहा फुटाचा विळा करायचा. खांबावर चढवायचा. एसटी स्टँडवरून दिसला पाह्यजे. ही जाहिरात झाली की बघ!"

मित्रांनो, मला भाऊ होणार होता. मला आनंद झाला. अर्थात तो माझ्यापेक्षा उंच असणार म्हणून थोडा कमी झाला.

उषाबाई म्हणजे काकासाहेबांच्या मंडळी. काकासाहेब दुपारी डोळा लावायचे तेव्हा गल्ल्यावर त्याच बसत. त्या म्हणाल्या, "अहो, हा येवढा मोठा हाय, तरी लोक पुढच्या दुकानात जाऊन राह्यले. त्यांना दिसत न्हाई म्हणून जातात का?"

"मंग कशामुळं जातात?"

"ते मला बी माहीत न्हाई. पण तुम्हाला बी माहीत न्हाई, आन् तुम्ही खर्चा करायला निघाले."

मला हे बोलणं बिलकुल आवडलं नाही. मी वाऱ्याची वाट न बघता थोडा हललो.

त्याच आठवड्यात झुंबरबाई आली. ही बारा बायांच्या खुरपणीच्या टोळीची मुकादम. कोणाच्या वावरात कधी जायचं, पात, म्हणजे खुरपायची ओळ, कुठून धरायची, दुपारची भाकर कधी सोडायची, सगळं तिच्या शब्दावर. नवऱ्याने आमच्याकडून नेलेलं खुरपं तिने गल्ल्यावर आपटलं.

"हे घ्या तुमचं. हे माझ्या हातचं न्हाई."

काकासाहेब म्हणाले, "झुंबरबाई, खुरपं हाय ते. हातात धरलं की हातचं होतं."

"मी डावरी हाय, काकासाहेब. ह्याची धार उजव्या अंगाला. मी खुरपं वढते तं तण ऱ्हातं आन् कपाशीच येती. मालक म्हणतो, झुंबरे, तू तण निंदून राह्यली का पीक सोंगून?"

"मंग उजव्या हातानं खुरप."

"तुम्ही डाव्या हातानं जेवून दाखवा, मंग मी खुरपते."

समोरच्या हॉटेलातले लोक हसले. काकासाहेब आत गेले आणि रंगाचा डबा शोधू लागले. उषाबाई मात्र झुंबरबाईचा हात हातात घेऊन बघत होत्या. अंगठ्याच्या मुळाशी फुटलेला फोड, त्यावर जुना फोड, त्याखाली त्याहून जुना.

"सगळ्याच बायांचे हात असे हायेत का?" त्यांनी विचारलं.

"वावरात येऊन बघा की. इथून काय दिसतं? हा विळा?"

दुसऱ्या दिवशी उषाबाई फडक्यात भाकर बांधून टोळीबरोबर गेल्या. आठ दिवस गेल्या. कपाशीत खुरपलं, मिरचीत खुरपलं. काकासाहेबांनी गावात सांगितलं, की मंडळी माहेरी गेली आहे. दुकानदाराची बायको दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाते, हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. मला तर वाटत होतीच. साडेपाच फुटांचा विळा दारात असताना घरची बाई खुरपायला जाते म्हणजे काय?

नवव्या दिवशी त्या घमेलं डोक्यावर घेऊन आल्या. घमेल्यात मातीचे बारा गोळे. वावरातली ओली काळी माती घेऊन प्रत्येक बाईला त्यांनी सांगितलं होतं, "खुरपं धरता तशी मूठ वळा." मग गोळे बांधावर उन्हात वाळवले. बोटांच्या खुणा जशाच्या तशा. एक मूठ इतकी लहान, की पोरीची वाटावी. एकीला करंगळीच नव्हती. आणि बारांत तीन डाव्या.

गोळे त्यांनी गल्ल्यावर ओळीने मांडले. बारा मुठी, जणू तहसीलवर मोर्चा निघाला आहे.

काकासाहेब म्हणाले, "हे काय?"

"आपलं गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक मातीचं असतं का?"

"तुमचं तं तेवढं बी न्हाई. ह्या मुठीला बराबर बसंल अशी मूठ आन् डाव्या हाताला उलटं खुरपं. पुंजारामच्या पाट्यांत शंभर-दीडशे तरी होतेत."

"आन् दहा फुटाचा विळा?"

"तो कोनाच्या मुठीत बसन?"

पोलाद एक, मागणारे दोन. तीन दिवस काहीच ठरलं नाही. पुंजाराम निरोपाची वाट बघत भाता धरून बसला होता. मी उघडपणे माझ्या भावाच्या बाजूने होतो.

आणि मित्रांनो, इथे सरकार आलं. त्या पावसाळ्यात निवडणूक लागली होती. एक साहेब जीपमधून उतरले. त्यांनी मान वर केली, मला पायापासून टोकापर्यंत वाचलं आणि म्हणाले, "हा विळा काढा. कोणाच्या तरी निशाणीत विळा आहे. हा प्रचार होतो."

काकासाहेब गयावया करू लागले, "साहेब, मी कोनाचाच न्हाई. सोळा वर्सांपास्नं लटकून राह्यला तो."

"मग सोळा वर्षं प्रचार होतोय. काढता येत नसेल तर झाका. निकालापर्यंत."

माझ्या अंगावर युरियाची सात पोती शिवून घालण्यात आली. ज्या विळ्याला नवस बोलला गेला, त्याला पोतं! मी निषेध म्हणून त्या दिवशी अजिबात हललो नाही. हवाही नव्हती.

त्या संध्याकाळी काकासाहेब माझ्याखाली पेटीवर बसले. वर बघून पोती मोजली. मग म्हणाले, "दहा फुटाला चौदा पोती लागतीन." आणि थोड्या वेळाने, "उषा, कर मंग तुझ्या मुठी."

अशा रीतीने माझा भाऊ जन्मालाच आला नाही.

पुंजाराम बिचारा उलटं खुरपं करताना लाजत होता. "चाळीस वर्सांत असं केलं न्हाई. लोक म्हणतीन, म्हातारा झोपेत ठोकून राह्यला." पण त्याने बाराही गोळे ऐरणीशेजारी मांडले आणि बाभळीची मूठ तासताना प्रत्येक गोळ्याला विचारून तासली. बाई बदलली की मूठ बदलली. पहिली बारा खुरपी टोळीला गेली.

पुढचं मला नीट दिसलं नाही, मी पोत्यात होतो. पण ऐकू येत होतं. पाचव्या दिवशी खालून आवाज आला, "पोत्याचं दुकान हेच का वो?"

"हो, हेच. काय पाह्यजे?"

"झुंबरबाईच्या टोळीवाणी खुरपं. त्या चार वाजता पात संपवून घरी चालल्या आन् आम्ही दिवस बुडेस्तोवर वावरात. माझी मूठ घ्या आधी. का आधी चिठ्ठी लागती?"

मग बाया येतच राहिल्या. राजूरकडून आल्या, पार सिल्लोडच्या रस्त्याकडून आल्या. काही जणींनी गोळा घरूनच वाळवून आणला. एकीने सासूचा आणला, सासूला न सांगता. दुकानाबाहेर रस्त्यावर मुठी वाळत पडायच्या आणि कॅलेंडरवाल्या दुकानाचा माणूस येऊन त्यांच्याकडे बघत उभा राहायचा. त्याला वाटलं, ही करणी आहे. त्याने आपल्या दाराला लिंबू-मिरची बांधली.

पोळा आला. बैल सजून गेले. वाळूजहून मेव्हण्याचा माणूस आला आणि म्हणाला, "चला काकासाहेब, पेटी कुठंय?" काकासाहेबांनी पेटी उघडून दाखवली. तिच्यात मातीच्या मुठी भरल्या होत्या, प्रत्येकीखाली गावाच्या नावाची चिठ्ठी. सदरे आणि कंबल केव्हाच बाहेर निघालं होतं. बॅटरी राहिली होती. ती काकासाहेबांनी मेव्हण्याला भेट धाडली.

निकाल लागला. माझं पोतं उतरलं. दुकानासमोर पन्नास बाया उभ्या होत्या. एकीनेही वर पाहिलं नाही.

मित्रांनो, यातून काकासाहेबांनी काय धडा घेतला असेल? त्यांनी असा धडा घेतला, की जाहिरात झाकली की माल खपतो.

हा शोध घेऊन ते दिवाळीनंतर जालन्यात मस्तगड भागात लहान दुकानदारांच्या शिबिराला गेले. पुरावा म्हणून मला टेम्पोत घालून नेलं आणि सोबत सात पोतीही घेतली, उषाबाईही आल्या. शरयू मॅडम शिकवायला होत्या. त्यांनी विचारलं, "मार्केटिंग आणि जाहिरात, दोन्हींत फरक काय?"

काकासाहेब उभे राहिले. "मॅडम, विळा उघडा असला तं जाहिरात. त्याच्यावर पोतं टाकलं तं मार्केटिंग."

चाळीस दुकानदारांनी हे वहीत उतरवून घेतलं. एकाने विचारलं, पोतं युरियाचंच लागतं का?

शरयू मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मागच्या रांगेत बसलेल्या उषाबाईंना विचारलं, "आणि तुम्हाला काय वाटतं?"

उषाबाईंनी पदर सारखा केला. "मला ते इंग्रजी न्हाई येत. पण ह्यांचा विळा म्हणजे आपण बोलायचं, ह्याव हाय आमच्याकडं, त्याव हाय आमच्याकडं. त्याच्याआधी दुसऱ्याच्या वावरात आठ दिवस खुरपायला जायचं असतं. ते न्हाई केलं तं बोलायचं काय?"

मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. मग म्हणाल्या, "माझं उद्याचं व्याख्यान झालं. माल कोणासाठी, कसा, कुठे, हे सगळं आधी. जाहिरात त्यातलाच एक भाग. विळा हवाच, पण तो शेवटी."

शेवटी! माझ्यासमोर म्हणाल्या. मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो, मला हे मान्य नाही. पोत्याचं दुकान शोधायलासुद्धा वर टांगलेलं पोतं लागतं, आणि पोत्यात कोण होतं? पण माझं कोण ऐकतं? सरतेशेवटी प्रमाणपत्र काकासाहेबांना मिळालं, 'उत्कृष्ट जाहिरातदार'. ते त्यांनी चौकटीत घालून गल्ल्यामागे लावलं. उषाबाई त्याच्यामागे मुठींच्या चिठ्ठ्या खोचून ठेवतात.

मग दुकान वाढलं. पत्रे काढून वर स्लॅब टाकायचा ठरला. साखळ्या अडकवायला जागा राहिली नाही. मी तीन महिने मागच्या बोळात भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या टोकाला कोणीतरी ओलं धोतर वाळत घालायचं. एका सकाळी टेम्पो आला. जालन्याच्या भट्टीवाल्याकडे भंगार द्या, बदल्यात सळई न्या, असा सौदा होता. अकरा रंग एकाच वेळी जळताना वास फार वाईट येतो, एवढंच सांगतो.

असं काहीही झालेलं नाही, असं मी सुरुवातीला म्हणालो होतो. ते तसंच धरून चला. मी लटकलेलो आहे. फक्त आता आतून. दुकानाच्या दर्शनी भागात तिसरा खांब आहे, त्यात डावीकडची सळई मी. ती मीच कशावरून, असं विचाराल तर मी सांगतो म्हणून. खांब ओला असताना उषाबाईंनी त्यावर हात टेकला होता. तो पंजा उमटलेला आहे. येणाऱ्या बाया आपला हात त्यावर ठेवून बघतात, लहान की मोठा. मी आत असतो. मला कोणी बघत नाही आणि स्लॅब पडत नाही. मला वर टांगा असं मी अजूनही म्हणतो, पण आता हळू म्हणतो, कारण मोठ्याने म्हटलं तर खांबाला तडा जाईल.

मित्रांनो, मोठे झाल्यावर दुकान टाकलंत तर दारात काय टांगायचं ते टांगा. पण त्या पेटीतल्या मुठी कोणी भिजू देऊ नका. एवढं बोलून मी माझा अर्ज सादर करतो.

प्रति,
मेहेरबान साहेब, जे कोणी या विषयाचे असतील ते.

विषय: खांबातून एक तासाची रजा मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार विळा, हल्ली मुक्काम खांब क्रमांक तीन, भोकरदन, याने सेवाकाळात एकही काडी गवत कापलेले नाही, ही बाब खरी आहे. तरी अर्जदारास येत्या खुरपणीच्या हंगामात एक तासाची रजा मंजूर करून, झुंबरबाईंच्या टोळीत, शेवटच्या पातीवर, अर्धा गुंठा तण देण्यात यावे. अर्जदार परत येईपर्यंत स्लॅब धरून ठेवण्यासाठी शासनाने बदली खांब पुरवावा. कामाची मजुरी नको. निवडणूक असल्यास अर्जदार पोतं घालून येईल.

सोबत: अर्जदाराच्या मुठीचा मातीचा गोळा जोडावयाचा होता. अर्जदारास हात नसल्याने जोडलेला नाही. ही त्रुटी क्षमापित करून अर्ज निकाली काढावा, ही विनंती.